बिनटरफली लाही

गुंडेराव भेटले की नमस्कार-चमत्कार नंतर. आधी ते समोरच्याला "आ करा" म्हणतात.

ते दातांचे डॉक्टर नाहीत. त्यांच्या स्वतःच्याच तोंडात दात किती उरलेत हा वादाचा विषय आहे. सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेले, आमच्या येरमाळ्यात माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे साधे गृहस्थ. पण त्यांच्या सदऱ्याच्या एका खिशात लाह्या असतात आणि दुसऱ्या खिशात छोटी बॅटरी. लाह्या तुमच्या तळहातावर ठेवायच्या, तुम्ही चावून गिळेपर्यंत तुमच्या जबड्याकडं टक लावून बघायचं, आणि मग बॅटरी पेटवून म्हणायचं, "हं, आ करा." तुम्ही आ केलात की मान तिरकी करून ते आत डोकावतात. "डावीकडची दाढ... जरा मागं... हां, सापडलं!" असं पुटपुटतात. मग सरळ उभे राहतात, बॅटरी विझवतात आणि निकाल देतात, "सदर नमुना नामंजूर."

सापडलं म्हणजे काय, तर टरफल. लाही खाऊन झाली की दाताच्या फटीत नाहीतर हिरडीला चिकटून बसतं ना, ते कागदासारखं पातळ सोंग. जीभ दिवसभर तिथंच जाते. गुंडेरावांना गेलं वर्षभर एकच ध्यास लागला होता. तोंडात टरफल मागं ठेवणार नाही अशी लाही त्यांना हवी होती, आणि ती नागपंचमीच्या आत हवी होती. "बिनटरफली लाही," ते म्हणायचे, आणि म्हणताना आवाज असा खाली आणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, काही बेकायदा माल मागतायत.

कशासाठी हवी, हे मात्र विचारायचं नाही. विचारलं की "तो विषय वेगळा" म्हणून उठून जायचे.

माझं हायवेला मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, माझा जरा डोळा लागतो, आणि नेमका त्याच वेळी हा माणूस शटर ठोकतो. दरवेळी "एकच मिनिट" म्हणतो. त्या एका मिनिटात माझ्या तोंडाची तपासणी होते, लाहीवर व्याख्यान होतं, चहा होतो, आणि माझ्या झोपेचं खोबरं होतं. शेजारी निवडून घेता आले असते तर मी एखादा मुका निवडला असता.

माघात माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. पाहुणे ढोकीचे, कारखान्याच्या भागातले, ऊस-ट्रॅक्टरवाले तालेवार लोक. नवऱ्या मुलाचे वडील म्हणजे धिप्पाड माणूस, मिशा अशा की घरातली पोरं बघूनच आत पळाली. मी पाणी आणायला वळलो तेवढ्यात मागून आवाज आला, "हं, आ करा."

वळून बघतो तर व्याह्यांनी भला मोठा आ केलेला, गुंडेराव बॅटरी घेऊन त्यांच्या तोंडात जवळजवळ शिरलेले, आणि ओसरीवरची सगळी पाहुणेमंडळी माना उंचावून बघतायत. तपासणी झाली. व्याह्यांनी मिशा पुसल्या आणि मला विचारलं, "डॉक्टर व्हय ह्ये तुमच्याकडचे?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लग्न मोडू द्यायचं होतं का? तर व्याह्यांनी लगेच आपली ठणकणारी दाढ दाखवली. गुंडेरावांनी ती गंभीरपणे पाहिली आणि सांगितलं, "मका बिलकुल बंद करा. ज्वारीवर या." आजही व्याह्यांचा फोन आला की आधी डॉक्टरांची खुशाली विचारतात. दाढ ठणकायची राहिली म्हणे. आता काय बोलावं!

पॉपकॉर्न हा शब्द गुंडेरावांपुढं काढायचा नाही. "मक्याची लाही म्हणा. आपल्याकडं शब्द नाही का? फिजूल इंग्रजी कशाला?" आणि मग सुरू. मका हा पाहुणा, सातासमुद्रापलीकडून आलेला. तिकडच्या लोकांनी फार जुन्या काळी चुलीच्या राखेत दाणा पडला तेव्हा फुटलेला पाहिला आणि उचलून खाल्ला. आपल्याकडं मात्र त्याआधीपासून ज्वारीची लाही, साळीची लाही, राजगिऱ्याची लाही. "यांचा खानदानी वारसा वेगळा," असं म्हणताना ते आपल्याच घराण्याबद्दल बोलल्यासारखे ताठ बसायचे. लग्नात होमात पडते ती साळीची. उपवासाला चालते ती राजगिऱ्याची. पंचमीला लागते ती ज्वारीची. "मक्याला कोणी होमात घालतं का? दाखवा मला घालून."

यातलं खरं किती आणि त्यांचं किती, देव जाणे. पण ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल करतो. आमच्या येडाई देवीच्या चैत्राच्या जत्रेत भडभुंजे भट्टी लावायचे, तापलेल्या वाळूत दाणे टाकून चाळणीनं उपसायचे, ते त्यांना लख्ख आठवतं. मग कधीतरी जत्रेत काचेच्या पेटीची गाडी आली. पेटीत पिवळा दिवा, वरच्या भांड्यातून लाह्या धो धो सांडायच्या, आणि भडभुंज्याकडची सगळी गर्दी तिकडं पळाली. "त्या दिवशी वाळू हरली," गुंडेराव सांगतात. पुढं कुकरमध्ये फोडायची पुडी आली, मग मशीनमध्ये फुगणारी कागदी पिशवी आली, आणि आता सोलापूरच्या मोठ्या थेटरात बादलीएवढ्या डब्यात मिळते. चीजवाली, तिखटवाली, साखरेच्या पाकातली.

सोलापूरच्या थेटरातही ते जाऊन आलेत. सिनेमा कोणता होता ते त्यांना आजही सांगता येत नाही. दोन जातींच्या लाह्या असतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एक पंख फुटलेली, वेडीवाकडी. दुसरी चेंडूसारखी गोल. गोल लाहीला टरफल कमी लागतं अशी बातमी होती, आणि पाकातल्या लाह्या गोल असतात. म्हणून दुपारच्या खेळाचं तिकीट काढून, पाकातल्या लाह्यांचा डबा घेऊन हे आत जाऊन बसले. स्वतःच्या तोंडाचा निकाल मिळाला. पण एका तोंडावर कचेरी विश्वास ठेवत नाही, दुसऱ्याची सही लागते. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बाई होत्या. गुंडेरावांनी अंधारात त्यांच्या चेहऱ्यावर बॅटरी मारली आणि म्हणाले, "आ करा."

बाईंनी आ केला, पण तो ओरडण्यासाठी. मॅनेजर आला, दोन दांडगे रखवालदार आले. गुंडेरावांना बाहेर काढलं. बाहेर काढता काढता त्यांनी त्यातल्या एका रखवालदाराला उरलेल्या लाह्या खायला घालून त्याची दाढ तपासली, हे त्यांनी मला विजयी मुद्रेनं सांगितलं. "गोल लाही नामंजूर. टरफल कमी असतं, पण असतं."

घरात याहून वाईट चाललं होतं. कुसुमवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, भिंतीपलीकडून आमच्या हिला हाका मारून रडगाणं गायच्या. "अगं, कढई बघ माझी! बुड करपून कोळसा झालाय. पोळी करायला जावं तर कणकेत लाही, झोपायला जावं तर उशीखाली लाही. ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराची भट्टी केलीय!"

एकदा ते माझ्या दुकानातून टेबलफॅन घेऊन गेले. सुपात पाखडण्यापेक्षा वाऱ्यानं टरफल उडवायचं, ही कल्पना. ताटभर राजगिऱ्याच्या लाह्या पंख्यासमोर धरल्या आणि बटण दाबलं. टरफलं उडाली की नाही ठाऊक नाही, लाह्या मात्र सगळ्या उडाल्या. अंगणात, गल्लीत, पलीकडच्या गोठ्यात. समोरच्यांच्या शेळ्या दावी तोडून आल्या. गुंडेराव बॅटरी घेऊन शेळीच्या मागं धावत होते. शेळीनं आ केला नाही, एवढंच.

पंख्याचं मी भाडं घेतलं नाही. पण मला राहवलं नाही. "गुंडेराव, इतकी दातांची काळजी आहे तर लाह्यांचं पीठ करा की! आपल्याकडं घरोघर करतात. दूध-गूळ घालून वाटीभर पीठ खाल्लं की झालं. ना टरफल, ना कटकट."

त्यांनी मान हलवली. "पिठावर सुटत नाही," म्हणाले.

"काय सुटत नाही?"

"तो विषय वेगळा." आणि गेले निघून.

तो वेगळा विषय कळला तो कुसुमवहिनींकडून. आषाढ संपत आला होता. त्या आमच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही हात लावत होतो. नेहमीचं रडगाणं गाता गाता त्यांनी एकदम आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "वन्संसाठी चाललंय हे सगळं. कुणाला सांगू नका म्हणालेत."

वन्सं म्हणजे गुंडेरावांची थोरली बहीण, अक्का. तामलवाडीला दिलेली. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात, तो अक्कांनी लहानपणापासून धरलाय. त्यांच्या घरची रीत अशी की तो उपवास पंचमीला सकाळी भावानं आणलेल्या लाहीवरच सोडायचा. मूठभर लाह्या खायच्या, मग बाकीचं जेवण. गुंडेराव दर पंचमीला लाह्या घेऊन तामलवाडीला जातात, कधी चुकले नाहीत. पण आता अक्कांच्या तोंडात एकही दात नाही, कवळी बसत नाही, आणि वर साखरेचा आजार. गेल्या पंचमीला पहिल्याच घासाला टरफल घशाला चिकटलं. खोकून खोकून जीव घाबरा झाला. मग लाही तोंडाजवळ नेली की भीतीनं हात मागं यायचा. आणि लाही खाल्ल्याशिवाय दुसरं काही खाणार नाही म्हणून हट्ट! दिवस कलेपर्यंत उपाशी. चक्कर येऊन भिंतीला टेकल्या, तरी केळं घेईनात, दूध घेईनात.

"डॉक्टर म्हणतो उपवासच धरू नका," वहिनी म्हणाल्या. "वन्सं म्हणतात, भाऊ हाय तवर धरनार. दुधात भिजवून द्या म्हटलं तर हे म्हणतात, भिजवली की लाही विरघळते, टरफल विरघळत नाही, उलट जास्तच चिकटतं. त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी बॅटरी विकत आणली."

मी शेंगा फोडायचं थांबलो. चिडलो तर होतोच, पण आता कुणावर चिडावं ते कळेना. त्या दिवसापासून दुपारी शटर वाजलं की मी न सांगता आ करायला लागलो.

पंचमी तोंडावर आली. गुंडेरावांचे नमुने एकामागून एक पडत गेले. मखाना आणला, तर तो लाहीत बसत नाही म्हणून बाद. साळीच्या लाहीला तूस राहतं, बाद. राजगिरा हिरडीखाली जाऊन बसतो, बाद. शेवटी राहिली आपली ज्वारी. गरम पाण्यातून काढून, फडक्यात रात्रभर बांधून ठेवलेली, तापल्या कढईत काठीला बांधलेल्या फडक्यानं हलवत फोडलेली. बारीक, पांढरी शुभ्र. मी खाल्ली, आ केला. गुंडेरावांनी बराच वेळ शोधलं. आणि मग बॅटरी विझवून माझ्या दुकानातल्या स्टुलावर खाली बसले.

"आहे," म्हणाले. "बारीक आहे, पण आहे. जगात बिनटरफली लाही नाही हो. टरफल आहे म्हणून तर वाफ आत कोंडते, आणि वाफ कोंडते म्हणून दाणा फुटतो. टरफलच नसलं तर लाही होणारच नाही." कारकुनी आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "वर्ष घालवलं मी हकनाक."

"पंचमीला मी गाडी काढतो," एवढंच म्हणालो. "सोबत जाऊ तामलवाडीला."

पंचमीच्या सकाळी त्यांना घ्यायला गेलो तर दार उघडंच. पुढच्या खोलीत सतरंजीवर नवरा-बायको समोरासमोर बसलेले. मधे परात, परातीत ज्वारीच्या लाह्या. दोघांनी चष्मे नाकावर ओढलेले. गुंडेराव एक लाही उचलत होते, उजेडाकडं धरत होते, बुडाशी चिकटलेलं टरफल नखानं काढत होते, आणि लाही डब्यात टाकत होते. मग दुसरी. वर्षभर कढईच्या नावानं बोंबलणाऱ्या कुसुमवहिनीही तेच करत होत्या. काल सकाळपासून बसले होते म्हणे. बोटांची टोकं लाल झाली होती.

"अहो, चिमटा घ्यायचा," मी म्हणालो.

"पंचमीला लोखंड चालत नाही," दोघं एकदम म्हणाले. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, कांडायचं नाही, हे आमच्याकडं सगळेच पाळतात. पण लाहीला चिमटा लावायचा नाही हे कलम गुंडेरावांनी स्वतःचं घातलेलं असावं.

मीही बसलो. थोडा वेळ सोलल्या. माझ्या जाड बोटांत लाहीचा चुराच व्हायचा. वहिनींनी मला हात लावायला मनाई केली.

तामलवाडीपर्यंत हायवे सरळ आहे. गुंडेराव डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि खड्डा आला की डबा हवेत उचलून धरायचे. तुळजापूर गेलं तसं झाकण घट्ट आहे का ते पुन्हा पुन्हा चाचपायला लागले.

घर गावाच्या कडेला, पुढं निंबाचं झाड. अक्कांचा मुलगा आणि सून नागाच्या पूजेला वारुळाला गेले होते. अक्का एकट्याच ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक, सुरकुतलेल्या, डोक्यावर पदर. तोंड कोरडं पडलेलं दिसत होतं. "आलास का गुंडू?" म्हणाल्या. या गुंडेरावांना कुणी गुंडू म्हणतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

"अक्का, आधी हे खा. मग बोल." गुंडेरावांनी ताटलीत लाह्या काढल्या. अक्कांनी एक लाही उचलली, कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. हिरड्यांनी हळूहळू चघळली. घसा हलला. गिळली. खोकला आला नाही. दुसरी टाकली. तिसरी. मग मूठच भरली.

"आ कर, अक्का," गुंडेराव म्हणाले आणि बॅटरी पेटवली. म्हातारीनं आज्ञाधारक पोरीसारखा आ केला. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, गालाच्या आत पाहिलं. बॅटरी विझवायचं विसरून माझ्याकडं वळले. डोळ्यांत पाणी होतं.

"मंजूर!" म्हणाले.

मला तर टाळ्याच वाजवाव्या वाटल्या. गुंडेराव तोंड धुवायला मागं हौदाकडं गेले. मी अक्कांजवळ सरकलो आणि म्हणालो, "अक्का, वर्षभर खपला बघा भाऊ तुमचा. मागल्या सालासारखा त्रास नाही ना आता?"

अक्का हसल्या. "मागल्या साली लई ब्येस झालं हुतं बघा."

"बेस? अहो, उपाशी राहिलात दिवसभर! चक्कर आली म्हणे!"

"आली की. पर दिस कलंस्तवर हितं बसला माझ्यापाशी. आईच्या, बाच्या, लहानपनीच्या समद्या गोष्टी काढल्या. हात धरून बसला हुता. न्हाय तर ह्यो बसतो व्हय कुटं? लाही दिली, खाल्ली का निघाला. कचेरीला जायचं असल्यागत. येकदा गेला का दिवाळीलाच त्वांड दावायचा." त्यांनी ताटलीकडं पाहिलं. "आता अडकतच न्हाय. काय करावं?"

आणि त्यांनी मूठ ताटलीत परत रिकामी केली. मग एकच लाही उचलली, तोंडात ठेवली, आणि ती कितीतरी वेळ तशीच ठेवून दाराकडं बघत राहिल्या. खरं सांगतो, मी तोंड फिरवलं.

गुंडेराव पंच्यानं तोंड पुसत ओसरीच्या कोपऱ्याशी उभे होते. कधीपासून उभे होते, काय ऐकलं, मला माहीत नाही. पुढं आले. पायात चपला सरकवल्या. "चला, निघू या," मला म्हणाले. "अक्का, खा की पटापट. जेवून घे मग."

"खाती की. सावकाश खाती. तू व्हय फुडं."

गुंडेराव पायरीवर थांबले. ताटलीकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. मग चपला काढल्या, पुन्हा ओसरीवर आले आणि अक्कांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"तुम्ही व्हा पुढं," मला म्हणाले. "मी संध्याकाळी येष्टीनं येतो. अजून सोलायच्या राहिल्यात थोड्या."

त्यांनी डबा पुढं ओढला. त्यातली लाही न् लाही सकाळीच सोलून झाली होती, माझ्या डोळ्यांदेखत. त्यांनी त्यातली एक उचलली, उजेडाकडं धरली, बुडाशी नसलेलं टरफल नखानं अगदी सावकाश काढलं, आणि लाही अक्कांच्या तळहातावर ठेवली. अक्कांनी ती लगेच तोंडात टाकली नाही.